पहिल्या जोडीचा मान

पोळा जवळ आला की आदिलाबादच्या बाजारात दोरांचे ढीग पडतात. वेसणी, मोरक्या, कासरे, निळ्या-गुलाबी सुताचे गोंडे, आरशाच्या टिकल्या लावलेल्या झुली. शिंगांच्या रंगाचे डबे उघडेच ठेवलेले असतात आणि त्यांचा वास शेजारच्या टपरीवरच्या चहातसुद्धा उतरतो. परवा शाळा सुटल्यावर मी उगीच तिथे रेंगाळले. दुकानदार म्हणाला, मॅडम, पूरा सेट लेलो, जोडी के वास्ते. माझ्याकडे ना जोडी, ना गोठा. दोन खोल्यांचं भाड्याचं घर आणि गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी. तरी मी एक गोंडा हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते, तेवढ्यात गावाहून थोरल्या भावाचा, सुधाकरदादाचा फोन आला. यंदाही पहिला मान आपल्याच जोडीचा आहे, ओवाळायला ये, असं त्यानं सांगितलं. आवाजात आनंद होता. मी येते म्हणाले आणि गोंडा परत ठेवून दिला.

मान हा शब्द मला पहिल्यापासून पचत नाही. बैलाची असते ती मान आणि माणसाला मिळतो तो मान, एवढा फरक मला लहानपणी कळत नव्हता. पोळ्यात पहिला मान म्हणजे ज्या बैलाची मान तोरणाखालून आधी पलीकडे जाते त्याचा, अशी माझी समजूत. मग पाटलांच्या घरी नारळ का देतात, बैलाला का देत नाहीत, असं मी मायला विचारलं. माय पुरण वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "मान बैलाची जाते बाई, अन् मान पाटलाचा होते." ती विनोद करत होती की तक्रार, हे मला तेव्हा कळलं नाही. आताही खात्री नाही.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या अलीकडे, आडवाटेला. मारुतीच्या पारासमोर मोकळी जागा आहे. पोळ्याच्या दिवशी तिथे दोन उंच बांबू रोवतात आणि त्यांच्यामध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. गावातल्या सगळ्या जोड्या सजून ओळीनं उभ्या राहतात. तोरणाखालून आधी मानाची जोडी जाते, मग बाकीच्यांची रीघ लागते. त्याआधी झडत्या होतात. एकानं मोठ्यानं दोन-चार चरणांचं गाणं म्हणायचं, शेवटी सगळ्यांनी महादेवाच्या नावानं गजर करायचा. झडतीत कोणालाही टोचून बोलायची मुभा असते. एका वर्षी कुणीतरी म्हटलेली झडती माझ्या लक्षात आहे:

"माडीवरल्या बैलाची झूल लय भारी,
नांगराच्या वक्ती मंग आमचीच बारी?"

लोक खदखदून हसले. आणि बापूराव पाटलांनी त्या झडतीवाल्याला स्वतःच्या हातानं नारळ दिला. मोठं मन, असं सगळे म्हणाले. मला मात्र त्या नारळाचा तेव्हापासून संशय आहे. वर्षातून एक दिवस बोलू द्यायचं, वर बक्षीसही द्यायचं, म्हणजे उरलेलं वर्ष बोलायचं कारण राहत नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीही असंच काहीतरी असतं. त्याला खांदशेकणी म्हणतात. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला जिथे घट्टा पडलेला असतो तिथे हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी बैलाला काम नाही, जू नाही, काठी नाही. मी ते सगळं प्रेमानं बघितलेलं आहे. हळदीचा तो ओला वास अजून नाकात आहे. पण एक दिवस मारायचं नाही असं ठरवणाऱ्या हाताला बाकीच्या दिवसांबद्दल काहीतरी ठाऊक असणारच. बैलानं आवतणाला नाही म्हटलं तर, असं मी एकदा मायला विचारलं होतं. "नाही म्हनन तं जू कोन वढंन?" असं म्हणून तिनं मला लोण्याची वाटी आत न्यायला सांगितली.

बाबा बापूराव पाटलांकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. पाटलांची पांढरी जोडी त्यांच्याच हातची. पेरणीला तेच, कापसाच्या गाडीला तेच, आणि पोळ्यात तोरणाखालून जोडी काढायलाही तेच. कासरा बाबांच्या हातात आणि मान पाटलांचा, हे इतकं सरळ चालत आलेलं होतं की त्यात कोणाला काही खटकत नव्हतं. आमच्या घरात देव नव्हते, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. आपण सण पाळायचे की नाही यावर आमच्या मोहल्ल्यात वाद व्हायचे. बाबा त्यात पडत नसत. पोळा देवाचा नाही, बैलाचा आहे, एवढंच ते म्हणत.

मी दहावीला होते त्या वर्षी पाडव्याला बाबांनी साल सोडलं. नाल्याकाठची थोडी सरकारी जमीन आमच्या नावावर झाली होती. बाबांनी बैलबाजारातून मोऱ्या आणि पवळ्या अशी जोडी आणली. मोऱ्याचं एक शिंग वाकडं होतं आणि पवळ्या माणसाला बघून फुरफुरायचा, पण आमच्या दारात बांधलेले ते पहिले बैल. माय दिवसातून तीनदा काही ना काही निमित्त काढून त्यांच्याजवळ जायची. श्रावण सरत आला तसा एकच प्रश्न घरात फिरायला लागला. आपली जोडी तोरणाखालून जाणार का?

बाबा विचारायला पाटलांकडे गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. शिकलेली पोर सोबत असली की पाटील सांभाळून बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. पाटलांनी खरंच सांभाळून घेतलं. चहा मागवला. बाबा ओसरीच्या पायरीवर बसले, मी खांबाला टेकून उभी.

"आन ना बैल, नामदेव. कोन नाही म्हनते?" बापूराव म्हणाले. "फक्त सगळ्याईच्या मागून आन. अन् आधी आमची जोडी तू काढून दे, दरसालसारखी. तुह्या हाताची सवय हाय तिले."

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसती ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. मला राहवलं नाही. पहिला मान तुमचाच का, असं मी विचारून बसले. बाबांनी माझ्यावर डोळे वटारले, पण बापूराव रागावले नाहीत. त्यांनी मला गोष्टच सांगितली. त्यांच्या आजोबांच्या काळी मान दुसऱ्या एका घराकडे होता. एका पोळ्याला आजोबा माणसं आणि कुऱ्हाडी घेऊन तोरणाखाली उभे राहिले. झटापटीत त्या घरच्या कर्त्या माणसाचा हात मोडला. पुढच्या वर्षीपासून पहिली जोडी ह्यांची. लपवाछपवी काही नाही. उलट सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

"तवा जोर केला म्हनून मान भेटला," ते म्हणाले. "आता मान हाय म्हनून जोर करा लागत नाही. समजलं का बाई?"

पहिलं वाक्य मला तिथेच समजलं. दुसरं समजायला फार वर्षं लागली, आणि समजल्यावर त्या वाक्याची भीतीच वाटली. जोरानं मिळालेली गोष्ट जर जोरामुळे न्याय्य ठरत असेल, तर उद्या कोणी अधिक जोरानं ती काढून घेतली की तीही न्याय्यच. बापूरावांचा युक्तिवाद त्यांच्याच पायावर कुऱ्हाड मारणारा होता. पण ते कच्चे नव्हते. मध्ये काळ गेला पाहिजे, एवढी एक अट त्यांनी न बोलता घालून ठेवली होती. काळ गेला की जबरदस्तीचं नाव बदलून रिवाज होतं. निजामाच्या राजवटीतले कितीतरी शब्द आमच्या बोलीत राहून गेलेत, त्यातला हा सगळ्यात सभ्य. मला विचाराल तर काळ काही धूतबीत नाही. ज्यांना आठवतं ती माणसं संपतात, एवढंच. तो हात मोडलेला माणूस, त्याचं घर, त्याची मुलं यांच्याबद्दल मी नंतर गावात बरीच विचारपूस केली. ते घर गाव सोडून गेलं होतं. त्यांच्या बाजूनं ती गोष्ट सांगणारं एकही तोंड उरलं नव्हतं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं आपण म्हणतो आणि हसून सोडून देतो. सशाला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही.

घरी आल्यावर सुधाकरदादा भडकला. तो तेव्हा इच्चोड्याला कॉलेजात होता. आधी त्यांची जोडी काढायची, मग परत येऊन आपली काढायची, म्हणजे साल सुटलं कुठे, असं तो बाबांना विचारत होता. बाबा म्हणाले की मला पुढं जायचं नाही, मला ओळीत जायचं आहे. दादा म्हणाला, मागून गेलं तर ती ओळ नव्हे.

पोळ्याच्या दिवशी काठी सगळ्यांच्याच हातात असते, रंगवलेली, कागद चिकटवलेली. त्यामुळे आमच्या मोहल्ल्यातली पोरं काठ्या घेऊन आली त्याचं सुरुवातीला कोणाला काही वाटलं नाही. शेजारच्या गावातूनही काही पोरं आली होती. बाबा सगळ्यात पुढे, पाटलांच्या पांढऱ्या जोडीचा कासरा धरून. झडत्या संपल्या, गजर झाला, आणि बाबा पाऊल उचलणार तोच बाजूनं आमची जोडी आली. शिंगांना नुसता गेरू, पाठीवर मायच्या जुन्या लुगड्याची झूल, आणि कासरा दादाच्या हातात. पाटलांची माणसं पुढे सरली, पण पोरांनी काठ्या आडव्या धरल्या. कोणाला मारलं नाही. मारायची वेळ आली नाही. मोऱ्याच्या वाकड्या शिंगात मधोमध खाली झुकलेलं तोरण अडकलं, ताणलं आणि तुटलं. पोरांनी आरोळी ठोकली. मी पाराच्या कट्ट्यावर मायजवळ उभी होते. मला आनंद झाला. तो आनंद खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

बाबा तोरणाकडे बघत नव्हते, दादाकडे बघत होते. मागून बापूराव हळूच म्हणाले, हाक, नामदेव. बाबांनी वळून कासरा त्यांच्या हातात दिला.

"पाटील, तुमची जोडी तुमी न्या."

आयुष्यभर ते त्यांना मालक म्हणत आले होते. पाटील हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्यांच्यासमोर पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, आता बाबा दादाकडे जातील. ते गेले नाहीत. गर्दीतून वाट काढत एकटेच घराकडे निघून गेले.

तिन्हीसांजेला त्यांनी मोऱ्या-पवळ्याला सोडलं. झाला ना पोळा, आता कुठं नेता, असं माय म्हणाली. "सुधाकरचा झाला. माहा नाही झाला," बाबा म्हणाले. मी त्यांच्या मागे गेले. मैदान रिकामं होतं. तोरणाची पानं शुभ म्हणून लोकांनी तोडून नेली होती. दोन बांबू आणि त्यांच्यात लोंबणारा सुतळीचा तुकडा उरला होता. बाबांनी डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि त्या नसलेल्या तोरणाखालून जोडी सावकाश पलीकडे नेली. परत येताना मी विचारलं की हे कशाला. ते म्हणाले, "जोरानं नेली तं जोराची झाली. माह्या हक्काची होती ना थे? मंग म्या माह्या पायानं नेली."

हे मी माझ्या वर्गात कितीदा सांगितलंय. मुलं शांत होतात, एखादीचे डोळे भरतात. पण सांगून झाल्यावर दरवेळी मला स्वतःचाच संशय येतो, कारण एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही. त्या मैदानावरून पाटलांची ओसरी दिसते. त्या संध्याकाळी ओसरीवर कोणीतरी बसलेलं होतं. बाबांनी ते पाहिलं होतं का? आपला या दांडगाईत हात नव्हता, हे त्यांना पाटलांना दाखवायचं होतं का? हक्काची भाषा आणि भीतीची भाषा कधीकधी अगदी एकाच आवाजात बोलतात, आणि आपल्या माणसाच्या बाबतीत तर आपल्याला पहिलीच ऐकू यावीशी वाटते. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी जे उत्तर आलं असतं त्यावर माझा विश्वास बसला असता की नाही, कोण जाणे.

दादाला असले प्रश्न पडत नाहीत. पुढच्या वर्षी आमची जोडी ओळीत मध्ये उभी राहिली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. ते कशामुळे, यावर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. दिवाळीला भेटलो की एकदा तरी होतंच. काठी नसती तर बाबा आजही दोन फेऱ्या मारत असते, असं तो म्हणतो. मी म्हणते, हक्क आधीपासून होता, काठी नंतर आली; काठीनं हक्क तयार केला नाही. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "होता, तं दिसला काऊन नाही कोनाले?" गावाला आमचा हक्क काठीच्या आडून दिसला, हे मला मान्य करावं लागतं. फक्त दिसणं म्हणजे असणं नव्हे, एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत राहते. आणि काठीला काय, ती कशासाठी उचलली हे कुठे ठाऊक असतं? ती ज्याच्या हाती राहते त्याची होते.

दादा पुढे वॉर्डात निवडून आला, मग गावात त्याच्या शब्दाला वजन आलं. पहिला मान पाळीपाळीनं सगळ्या मोहल्ल्यांना द्यायचा, असं त्यानंच ठरवलं. किती बरं वाटलं होतं मला. पाळी या घरून त्या घरी फिरत फिरत आमच्या दारात आली आणि तिथेच बसली. दरवर्षी काही ना काही कारण निघत गेलं. कोणाकडे बैलच उरले नाहीत, कोणाचे आजारी, कोणी स्वतःहून म्हणालं की सुधाकरभाऊ, तुमीच न्या. राजीखुशीनं म्हणाले, असं दादा सांगतो. राजीखुशी हाही आमच्याकडचा जुना कचेरीतला शब्द. तो ऐकला की मी आधी बघते, दारात कोण उभं आहे.

तर यंदा मी गेले. इच्चोड्याला उतरून दुसरी गाडी धरली. पावसानं उघडीप दिली होती, सोयाबीन शेंगांवर आलं होतं, कापसाला पिवळी फुलं दिसत होती. वाटेत फुगे आणि गोंडे बांधलेले दोन ट्रॅक्टर दिसले. हल्ली त्यांनाही ओवाळतात. मैदानावर बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलेलं होतं. त्यांना आता फार कमी ऐकू येतं. पलीकडे पारावर बापूराव काठीवर हनुवटी टेकून बसलेले. त्यांच्या घरी ट्रॅक्टर आल्यापासून जोडी नाही. मी आरतीचं ताट घेऊन आमच्या जोडीपाशी उभी राहिले. तोरण नवंकोरं, हिरवंगार होतं.

ओळीत आमच्या मागे दुसऱ्या जागेवर एक नवीन माणूस उभा होता. टेकडीवरच्या गुड्यातला, कोलाम आदिवासींच्या वस्तीतला जंगू. यंदा पहिल्यांदाच त्यानं स्वतःची जोडी घेतलेली. बुटके, काळेसावळे बैल, शिंगांना चुना, गळ्यात झेंडूची माळ. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो जागा धरून उभा होता. दादा त्याच्याकडे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गोड बोलत होता. आला ते लय चांगलं केलं, पण जोडी सगळ्यांच्या मागून आण, असं त्याला समजावत होता. जंगू भांडला नाही. कासऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत त्यानं शांतपणे विचारलं, "मागं राह्याले काही नाही, भाऊ. काऊन राहाचं, थे सांगा."

"रिवाज हाय," दादा म्हणाला.

मी दादाला विचारलं, कधीपासून? त्यानं माझ्याकडे न बघता, दाताखाली शब्द चावत उत्तर दिलं. "आपल्यापासून."

झडत्या थांबल्या होत्या. सगळ्यांचं लक्ष इकडे लागलं होतं. बाबांनी कानामागे हात धरला आणि मला विचारलं, काय म्हनते थो? मी हळू सांगून पाहिलं. त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी सगळ्या गावासमोर मला ओरडून सांगावं लागलं की दादा म्हणतो, जंगूनं मागं राहायचा रिवाज आहे.

"कोनाचा?" बाबांनी विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होता, जंगू माझ्याकडे बघत होता. पुन्हा ओरडावं लागलं.

"आपला, बाबा. आपला."

बाबांची नजर दादावरून पलीकडे पाराकडे गेली आणि तिथेच थांबली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा मोठा, सपाट आवाज मैदानभर गेला.

"मंग थो बापूराव काऊन हासून राह्यला?"

मी वळून पाहिलं. दादानंही पाहिलं. बापूराव खरंच हसत होते.